आधी वारा, मग विस्तव



अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्येला डोंगराळ मुलूख आहे. स्क्रँटन, विल्क्स-बॅरे, हेझलटन, पॉट्सव्हिल ही त्यातली गावं. थंडीची चाहूल लागली की इथल्या गल्ल्यांतून कोळशाचे ट्रक फिरू लागतात. तळघराच्या खिडकीला पत्र्याचं पन्हळ लावतात आणि टनभर कोळसा खडखडत आत उतरतो. इथली कितीतरी घरं आजही दगडी कोळशावर ऊब धरतात. मी याच भागात राहते. नोकरीच्या निमित्ताने इकडे आलेलं एखादं मराठी कुटुंब जुनं घर घेतं आणि तळघरात त्यांना एक भलीमोठी लोखंडी पेटी दिसते. मागे कोळसा साठवायचं हॉपर, पुढे काचेचं दार, खाली पंखा. हा स्टोकर स्टोव्ह. तो पहिल्यांदा पेटवायचा कसा, हे मला आज सांगायचं आहे. त्यासाठी एकच गोष्ट मुळापासून समजून घ्यावी लागते, ती म्हणजे हवेची वाट. ही आग काडीने लागते खरी, पण जगते ती हवेवर.

आधी हा कोळसा काय आहे ते पाहू. लाकूड किंवा गोवरी तापली की तिच्यातून वायू सुटतात. ते आधी पेट घेतात आणि त्यांच्या ज्वाळेने बाकीचं जळण धरतं. आपल्या चंद्रपूर-वणीकडच्या खाणींतल्या कोळशातही असे वायू भरपूर असतात, म्हणून तो लवकर पेटतो, पिवळ्या ज्वाळेने जळतो आणि धूर करतो. पेनसिल्व्हेनियातला कोळसा अँथ्रासाइट जातीचा आहे. राख आणि ओलावा वगळला तर त्यात ८६ टक्क्यांहून जास्त कार्बन असतो, आणि तापल्यावर सुटणारे वायू ८ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. दिसायला काचेसारखा चकचकीत, हाताला टणक. धूर जवळजवळ नाहीच. पण पेटायला तो साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या घरातली उष्णता मागतो. एकटा खडा निखाऱ्यांतून काढून बाजूला ठेवला तर थोड्याच वेळात काळा पडतो. त्याला सोबत लागते, म्हणजे कोळशाचा थर लागतो, आणि त्या थराच्या खालून वर जाणारी हवा लागते.

हे कळायला माणसाला बराच काळ लागला. अठराव्या शतकात इथले लोहार भात्याच्या जोरावर भट्टीत हा कोळसा वापरत, पण घरात तो जळू शकेल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. विल्क्स-बॅरेमध्ये जेसी फेल नावाचे गृहस्थ सराई चालवत. ११ फेब्रुवारी १८०८ रोजी त्यांनी शेकोटीच्या कोनाड्यात लोखंडी गजांची जाळी बसवली, तिच्यावर कोळसा रचला आणि भात्याशिवाय तो पेटवून दाखवला. कोळसा जमिनीपासून उचलल्यामुळे खालून हवेला वाट मिळाली. धुराड्याच्या ओढीने ती कोळशातून वर खेचली गेली. फेल यांनी यासाठी कुठलं गुंतागुंतीचं यंत्र शोधलं नाही. त्यांनी हवेचा रस्ता मोकळा केला, आणि त्या जाळीमुळे या कोळशाला घराचं दार उघडलं.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट फिलाडेल्फियाची. जोसाया व्हाइट आणि अर्स्किन हॅझर्ड यांचा शुइलकिल नदीकाठी तारांचा कारखाना होता. तिथल्या कामगारांनी भट्टीत अँथ्रासाइट घालून बराच वेळ खटपट केली. ढवळलं, उकरलं, पुन्हा रचलं, पण आग काही धरेना. शेवटी दार लावून सगळे निघून गेले. एक जण विसरलेलं जाकीट घ्यायला परत आला, तर भट्टीचं दार लाल झालेलं आणि आत कोळसा रसरसून पेटलेला. ही हकिगत इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तपशील इकडचे तिकडे झाले असतील, पण तिच्यातला धडा दर हिवाळ्यात खरा ठरतो. चुलीपुढे बसून फुंकणी घालणं, लाकूड पुढे-मागे करणं, सळईने निखारा उकरणं ही आपल्या हाताला लागलेली सवय आहे. अँथ्रासाइटला ती मानवत नाही. ढवळलं की राख आणि न पेटलेला कोळसा एकमेकांत मिसळतो, थर मोडतो, हवेच्या वाटा बुजतात आणि आग बसते. म्हणून तयारी पूर्ण करायची, हवा चालू ठेवायची आणि हात मागे घ्यायचा.

आता आपल्या तळघरातल्या स्टोकरकडे वळू. त्याच्यात घालायचा कोळसा बारीक असतो. खडे साधारण ५ ते ८ मिलिमीटरचे. या मापाला इथे ‘राइस’ म्हणतात आणि दुकानात तो त्याच नावाने मागायचा. हॉपरच्या तळाशी एक लोखंडी ठोकळा पुढे-मागे सरकत राहतो आणि दर खेपेला थोडा थोडा कोळसा सपाट जाळीवर ढकलतो. जाळीला बारीक भोकं असतात आणि खालचा पंखा त्यांतून हवा वर सोडतो. कोळसा पुढे सरकता सरकता पेटतो, जळून संपतो आणि त्याची राख जाळीच्या टोकावरून खालच्या ट्रेमध्ये पडते. दुसरा पंखा खोलीतली हवा तापलेल्या लोखंडावरून फिरवतो. दोन्ही पंख्यांच्या हवा एकमेकींत कधीच मिसळत नाहीत, कारण जळणाची हवा धुराड्याने बाहेर गेली पाहिजे आणि खोलीची हवा खोलीतच राहिली पाहिजे. या दोन वाटा वेगळ्या राहाव्यात यासाठीच दाराभोवतीची दोरीची पट्टी, हॉपरचं घट्ट झाकण आणि पाइपांचे सांधे असतात.

म्हणून पहिली आग लावण्याआधीचा वेळ हाच खरा कामाचा वेळ आहे. धुराडं साफ करून घ्यायचं. या कोळशाने लाकडासारखी काजळी धरत नाही, पण राखेची बारीक भुकटी पाइपाच्या वळणांत साठते. उन्हाळाभर ती तशीच राहिली तर दमट हवेत पाइप आतून गंजतो. पाइपाचा प्रत्येक सांधा हलवून पाहायचा. जाळीची भोकं बुजली असतील तर मोकळी करायची. दाराची पट्टी झिजली असेल तर बदलायची. पाइपवर एक झुलतं झाकण असतं. धुराड्याची ओढ गरजेपेक्षा वाढली की ते उघडून तिला आवर घालतं. ते अडकत नाही ना, हे बोटाने हलवून बघायचं. ही ओढ मोजायचं साधन मिळतं. त्यावर पाण्याच्या एका इंचाच्या शंभराव्या हिश्शांत आकडे येतात. इतक्या नाजूक बळावर घराची सुरक्षितता अवलंबून असते, म्हणून पहिल्या वेळी जाणत्या माणसाकडून ती मोजून घ्यावी.

पहिल्या आगीसाठी दिवस थंड निवडावा आणि वेळ सकाळची. बाहेर थंडी जितकी जास्त तितकं धुराडं जोराने ओढतं. उबदार दिवशी ही ओढ कमजोर पडते. आधी दारापाशी कागदाची एक गुंडाळी पेटवायची आणि ज्वाळा आत ओढली जाते का ते पाहायचं. ती बाहेर वळली तर थांबायचं, धुराड्यात अडथळा आहे का हे शोधायचं.

ज्वाळा आत गेली की हॉपर भरायचं. ठोकळा चालू करून जाळीवर तीन-चार इंच कोळसा पुढे येऊ द्यायचा आणि बंद करायचा. त्या थरावर थोडा लोणारी कोळसा किंवा लाकडाच्या भुशाच्या गोळ्या पसरायच्या. त्यांना पेटवणीची जेल लावलेली असावी. दुकानात यासाठी तयार पुड्याही मिळतात. रॉकेल किंवा पेट्रोल कधीही वापरायचं नाही, बंद पेटीत त्याच्या वाफा साचून भडका उडतो. पेटवण धरली की दार लावायचं आणि खालचा पंखा सुरू करायचा. क्रमात यंत्रायंत्रांत थोडा फरक असतो. आपल्या स्टोव्हच्या पुस्तिकेत असेल तोच पाळायचा.

यानंतरची दहा-पंधरा मिनिटं कसोटीची. काचेतून फक्त लोणारी कोळसाच लाल दिसतो, खालचा काळा थर थंडच वाटतो. दार उघडून उकरावंसं वाटतं, पण उघडायचं नाही. दार उघडलं की धुराडं कोळशातून हवा ओढायचं सोडून सोप्या वाटेने, दारातून, खोलीची हवा ओढू लागतं. थोड्या वेळाने काळ्या खड्यांच्या कडा लालसर होतात आणि त्यांच्यावर निळ्या ज्वाळा नाचू लागतात. मग ठोकळा अगदी मंद गतीवर सुरू करायचा. स्टोव्ह नवा असेल तर त्याच्या रंगाचा वास पहिल्या काही तासांत घरभर येतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि लहान मुलांना वरच्या मजल्यावर न ठेवता बाहेर न्यायचं.

गती बरोबर जमली की नाही, हे जाळीच्या टोकाकडे पाहून कळतं. टोकाशी राखेची इंचभर पट्टी राहून मग राख खाली पडत असेल तर प्रमाण बरोबर आहे. लाल निखारे ट्रेमध्ये पडत असतील तर कोळसा जास्त येतोय किंवा हवा कमी पडतेय. उलट आग मागे हॉपरच्या दिशेने सरकत असेल तर कोळसा कमी येतोय, आणि हे जास्त धोक्याचं, कारण ती हॉपरमध्ये शिरू शकते. बदल करायचा तो थोडा थोडा, आणि प्रत्येक बदलानंतर तासभर थांबून. ही आग उत्तर सावकाश देते.

ती निळी ज्वाळा मात्र नीट लक्षात ठेवा. ती कार्बन मोनॉक्साइड जळल्याची ज्वाळा आहे. म्हणजे हा विषारी वायू तिथे सतत तयार होत असतो आणि त्याला पुरती हवा मिळाली तरच तो जळून जातो. त्याला वास नाही, रंग नाही. अँथ्रासाइटला धूर नसल्यामुळे डोळे चुरचुरून धोका कळण्याचीही सोय नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्या याच वायूच्या. म्हणून स्टोव्हच्या मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचे सूचक बसवलेच पाहिजेत. डोकं जड झालं, मळमळलं, सगळ्या घराला एकदम गळून गेल्यासारखं वाटलं, तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि मग मदतीला फोन करायचा. वीज गेली की पंखा आणि ठोकळा दोन्ही थांबतात आणि स्टोकर हळूहळू विझतो, तेव्हा ऊब मिळवायचा दुसरा मार्ग घरात असावा.

विझलेली वाटणारी राखही लवकर विझत नाही. टनामागे साधारण दहावा हिस्सा राख निघते. ती झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून घराबाहेर, लाकडी ओट्यापासून दूर ठेवायची. पेटायला कठीण असलेलं हे जळण विझायलाही तितकंच कठीण. याच पट्ट्यातलं सेंट्रेलिया हे गाव त्याची साक्ष आहे. १९६२ साली तिथल्या खाणीतल्या कोळशाच्या थराला आग लागली. जुन्या बोगद्यांतून तिला हवा मिळत राहिली आणि ती जमिनीखाली आजही धुमसते आहे. गावातली जवळजवळ सगळी माणसं हलवावी लागली. हवेची वाट माणसाच्या ताब्यात नसली तर हीच आग काय करते, ते तिथे दिसतं.

हा कोळसा आपल्या हॉपरमध्ये येतो तेव्हा त्यामागे माणसांची मोठी किंमत आहे, हेही सांगितलं पाहिजे. १९१७ साली इथून सुमारे १० कोटी टन अँथ्रासाइट निघाला. त्या काळात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं या खाणींत राबत होती. कोळसा फोडायच्या कारखान्यांत कोवळी पोरं पन्हळांवर वाकून बसत आणि वाहत्या कोळशातून पाटीचे दगड उघड्या बोटांनी वेचून काढत. १९०२ साली सुमारे दीड लाख कामगारांनी पाच महिने संप केला, तो मिटवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्ये पडावं लागलं. २२ जानेवारी १९५९ रोजी सस्क्वेहाना नदी नॉक्स खाणीत फुटून आत शिरली आणि १२ कामगार गेले. त्यानंतर उत्तरेकडच्या पट्ट्यातली खोल खाणकामाची परंपरा जवळजवळ संपली. कोळसा जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड जातो, हेही खरं आहे, आणि हे स्टोव्ह पुढे कमी होत जातील असं मला वाटतं. पण जोवर एखाद्या घरात तो आहे आणि त्याच्या उबेवर मुलं निजतात, तोवर तो योग्य रीतीनेच चालला पाहिजे.

या गावांत खाणकामगारांची नातवंडं अजून राहतात. त्यांनी लहानपणापासून ही आग सांभाळली आहे. आपण परके म्हणून विचारायला संकोचतो, पण विचारलं की ही मंडळी आपल्या हातातलं काम टाकून येतात, आणि स्टोव्हपाशी उभं राहून एका तासात जे दाखवतात ते पुस्तिकेत सापडत नाही. पहिली आग त्यांच्या देखत लावा. कोळसा मागवण्याआधी सूचक विकत घ्या. आणि धुराडं नीट ओढतंय याची खात्री झाल्याशिवाय काडी ओढू नका.