मंदीतील फिर्यादी आणि बनारसी रेशीम

(वाराणसी येथील मराठी वाचकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी माणसाच्या घरात काशी दोन वाटांनी येते. एक गंगेच्या सीलबंद गडूतून आणि दुसरी शालूच्या घडीतून. पहिल्या वाटेविषयी दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मंडळींना मी काही सांगावे असे नाही. दुसरी वाट मदनपुरा, अलईपुरा, लल्लापुरा या मोहल्ल्यांतून निघते, आणि तिच्याविषयी आज मला बोलावयाचे आहे ते काहीशा रुक्ष बाजूने, म्हणजे सीमाशुल्काच्या बाजूने. मंदी आली की परदेशी मालाविरुद्धच्या फिर्यादी वाढतात काय, त्या कोण करतो, आणि निकाल लागतो तेव्हा तो कोणाच्या अंगावर पडतो, हे तीन प्रश्न माझ्यापुढे आहेत.

आधी शब्दांविषयी थोडे. अनुवादकाला ते टाळून पुढे जाता येत नाही. परदेशी उत्पादक घरच्या बाजारात ज्या किमतीस माल विकतो तीहून कमी किमतीस तो आपल्याकडे पाठवू लागला, तर त्यास डम्पिंग म्हणतात. केंद्र सरकारच्या हिंदी राजपत्रात यासाठी ‘पाटन’ हा शब्द योजिलेला आहे आणि त्यावरील करास ‘पाटनरोधी शुल्क’. हिंदीत ‘पाटना’ म्हणजे खड्डा भरून काढणे, ढीग लावून टाकणे. तेथे शब्द बोलका आहे. मराठीत मात्र पाटण म्हटले की कोयनेकाठचा तालुका आठवतो. संस्कृतच्या टाकसाळीत एखादे नवे नाणे पाडता आले असते, परंतु बाजारात ते कोणी घेणार नाही. म्हणून मी डम्पिंग हाच शब्द ठेवतो.

दुसरा शब्द अधिक विचार करावयास लावणारा आहे. या फिर्यादी चालविणारे दिल्लीतील कार्यालय २०१८ पासून ‘व्यापार उपचार महानिदेशालय’ या नावाने ओळखले जाते. उपचार रोग्यावर होतात आणि पूजेतही होतात. एकात गुण येण्याची अपेक्षा असते, दुसऱ्यात विधी यथासांग पार पडला म्हणजे झाले. या नगरीत षोडशोपचारांचा अर्थ कोणास सांगावा लागत नाही. व्यापारी उपचार यांपैकी कोणत्या जातीचे, हे प्रत्येक प्रकरणात तपासून पाहावे लागते.

उपचाराची रीत अशी आहे. १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमातील ९-अ या कलमाखाली देशी उत्पादकांनी अर्ज करावयाचा. अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांचे उत्पादन देशातील एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के असले पाहिजे, आणि विरोध करणाऱ्यांच्या उत्पादनाहून अधिक असले पाहिजे. मग तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : डम्पिंग झाले, देशी उद्योगाची हानी झाली, आणि ही हानी त्या डम्पिंगमुळेच झाली. शिफारस वाणिज्य मंत्रालय करते. शुल्क बसविण्याचा अधिकार अर्थ मंत्रालयाचा. एकदा बसलेले शुल्क सामान्यतः पाच वर्षे टिकते आणि फेरतपासणीनंतर वाढविता येते.

आता मंदीत काय होते ते पाहा. परदेशातील कारखान्याची मागणी आटते, तरी यंत्रे, कर्जाचे हप्ते आणि कामगार तेथेच असतात. रिकाम्या यंत्रापेक्षा तोट्यात चालणारे यंत्र बरे, या हिशेबाने तो माल पडेल किमतीस बाहेर काढतो. त्याच वेळी इकडचा कारखानदारही तोट्यात आलेला असतो. म्हणजे स्वस्त आयात आणि देशी हानी, हे दोन्ही पुरावे एकाच ऋतूत पिकतात. बरकतीच्या काळात हाच कारखानदार अर्ज करू गेला असता, तर त्याच्या ताळेबंदातील नफाच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला असता.

जागतिक व्यापार संघटनेच्या आकड्यांत याचे प्रतिबिंब दिसते. २००१ या मंदीच्या वर्षी जगभरात सुमारे ३७० डम्पिंगविरोधी चौकशा सुरू झाल्या. त्यांतील ७९ भारताच्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी भारताने ८१ सुरू केल्या. २००७ पर्यंत जगाचा आकडा १६५ च्या आसपास उतरला होता. २००८ मध्ये तो २०० च्या वर गेला. महामारीच्या २०२० साली तो पुन्हा ३५० च्या घरात पोहोचला, आणि त्यात सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारताचा होता.

परंतु हा चढ-उतार वाटतो तितका सरळ नाही. २००८ च्या अरिष्टानंतर फिर्यादींचा महापूर येईल असे अनेकांनी वर्तविले होते; तसा तो आला नाही. कारण २००९ मध्ये जगाचा व्यापारच सुमारे १२ टक्क्यांनी आटला. आयातच घटली, तर तिच्याविरुद्ध फिर्याद कशाची करावयाची? शिवाय चौकशीला साधारणतः एका वर्षाचा डम्पिंगचा हिशेब आणि त्यामागील तीन वर्षांची हानीची आकडेवारी लागते. म्हणून मंदीची फिर्याद मंदीच्या बरोबर चालत नाही, काही महिने मागून येते. आणखी एक गोष्ट. भारताच्या डम्पिंगविरोधी चौकशा २००८ मधील ५५ वरून २००९ मध्ये ३१ वर आल्या. एवढ्यावरून आपला उद्योग शांत झाला असे कोणी समजेल. प्रत्यक्षात त्याने दार बदलले होते. आयातीचा अचानक लोंढा आला, तर कोणाचीही लबाडी सिद्ध न करता तात्पुरते ‘संरक्षक शुल्क’ बसविता येते. २००९ मध्ये जगात अशा जेमतेम पंचवीस चौकशा सुरू झाल्या, आणि त्यांतील दहा भारताच्या होत्या. चिनी सोडा ॲशवरील २० टक्के शुल्क त्याच वर्षीचे. निव्वळ एका रकान्यातील आकडा वाचणाऱ्यास ही हालचाल दिसत नाही.

हे सर्व अलीकडचे वाटेल, म्हणून मुंबईचा एक जुना दाखला देतो. डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णचलन सोडले, येनचे मूल्य घसरले आणि जपानी कापड मुंबईच्या गिरण्यांच्या दारात अतिशय स्वस्तात येऊन पडले. जागतिक मंदीचे दिवस होते. गिरण्या आधीच खंगलेल्या. सरकारने ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिशेतर सुती कापडावरील जकात ५० टक्क्यांवर व जून १९३३ मध्ये ७५ टक्क्यांवर नेली. त्याच वर्षी उद्योग-संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही झाला. गिरणीमालकांना दिलासा मिळाला. पण जपानी सूतगिरण्यांनी उलट हिंदी कापसावर बहिष्कार टाकला, आणि जपान हे तर आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक. गिरणगावच्या औषधाची कडू चव अशा रीतीने वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याच्या तोंडी आली. जानेवारी १९३४ मध्ये जी तडजोड झाली तिच्यातच हे नाते उघडपणे लिहिले गेले : जपानने कापसाच्या १० लाख गासड्या घ्याव्या आणि ३२ कोटी ५० लाख वार कापड पाठवावे, गासड्या १५ लाखांपर्यंत वाढल्या तर कापड ४० कोटी वारांपर्यंत. जकात पुन्हा ५० टक्क्यांवर आली. गिरणीचे संरक्षण आणि कापसाचा भाव एकाच तराजूच्या दोन पारड्यांत आहेत, याची इतकी रोखठोक कबुली सरकारी कागदांत क्वचितच आढळेल.

त्याच १९३४ साली देशी रेशीम-उत्पादनासही जकातीचे संरक्षण मिळाले. येथे आपण वाराणसीस परत येतो.

रेशमाच्या उत्पादनात जगात चीन पहिला आणि भारत दुसरा. तरीही आपले माग जेवढे रेशीम खातात तेवढे आपण पिकवीत नाही. बनारसच्या कतानासाठी लागणारा धागा काही अंशी कर्नाटकातून व काही अंशी चीनमधून येत राहिला आहे. १ एप्रिल २००१ रोजी परिमाणात्मक आयात-निर्बंधांचा शेवटचा हप्ता उठला. त्यानंतर देशी कच्च्या रेशमाच्या उत्पादकांच्या बाजूने फिर्याद झाली, आणि २००३ मध्ये चिनी तुती-रेशमाच्या ‘२-अ’ व त्याखालील प्रतींवर डम्पिंगविरोधी शुल्क बसले. पुढे ते वाढविले जाऊन जानेवारी २०१४ पर्यंत चालले. या शुल्काचे स्वरूप संदर्भ-किमतीचे होते : आलेला माल ठरविलेल्या किमतीहून जितका स्वस्त, तितका फरक भरावयाचा, जागतिक भाव त्या किमतीच्या वर गेले की शुल्क आपोआप शून्य.

तुती लावणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा न्यायच होता, आणि त्याबद्दल मला शंका नाही. प्रश्न आहे तो मागावर बसलेल्या माणसाचा. बनारसमध्ये बहुतेक विणकर स्वतः धागा विकत घेत नाही. गद्दीदार वा गिरस्त त्याला धागा आणि नक्षी देतो, आणि साडीमागे मजुरी देतो. त्यामुळे धागा महागला तर विणकराच्या हिशेबात त्याची नोंदच होत नाही; त्याला दिसते ते एवढेच की या महिन्यात ताणा मिळाला नाही, माग बंद राहिला. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे वापरकर्त्या उद्योगालाही म्हणणे मांडण्याची सोय नियमांत आहे. पण म्हणणे मांडायचे म्हणजे चार वर्षांची विक्री, खर्च, साठा, रोजगार यांचे तक्ते भरावयाचे. न मिळालेल्या ताण्याचा तक्ता कोणी ठेवतो काय?

धाग्यावर शुल्क बसले की तयार कापड आत येऊ लागते, हा या व्यवहारातील जुनाच नियम. चिनी रेशमी कापडाविरुद्धही फिर्याद झाली आणि २००६ मध्ये मीटरमागे २० ते १०० ग्रॅम वजनाच्या कापडावर शुल्क आले. हे विणकराच्या बाजूचे होते, यात संशय नाही. तथापि धाग्याचा प्रश्न राहिलाच. २०१० मध्ये रेशमाचे भाव भडकले. विणकरांच्या केंद्रांतून ओरड झाली. आणि २०११ च्या अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरील मूळ सीमाशुल्क ३० टक्क्यांवरून एकदम ५ टक्क्यांवर आणले गेले. इकडे वाराणसीस सुस्कारा सुटला, तिकडे रामनगरच्या बाजारात कोशांचे भाव कोसळले. २०१३ मध्ये शुल्क १५ टक्के झाले. मध्यंतरी १० वर उतरले आणि २०२१ च्या अर्थसंकल्पात पुन्हा १५. हा लंबक पाहिला की १९३३-३४ चे दोन पारड्यांचे गणित आठवल्याखेरीज राहत नाही. फरक इतकाच की त्या वेळी दुसऱ्या पारड्यात जपान होता. येथे दोन्ही पारड्यांत आपलीच माणसे आहेत.

मंदीच्या काळात सर्वांत अवघड ठरते ती तिसरी पायरी, म्हणजे कारणाची. आंतरराष्ट्रीय करार स्पष्ट सांगतो की मागणीतील घट, लोकांच्या आवडीतील पालट यांसारख्या अन्य कारणांनी झालेली हानी डम्पिंगच्या माथी मारू नये. बनारसच्या दुर्दशेचा पंचनामा करू गेल्यास किती कारणे हाती लागतात! चिनी कापड आहे. पण सुरतेच्या यंत्रमागावर उतरविलेली हुबेहूब नक्षीही आहे. तरुण स्त्रियांनी रोजच्या वापरातून साडी दूर केली हेही आहे. यंत्रमागाविरुद्ध १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा आहे, सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये तो वैध ठरविला. त्याची अंमलबजावणी किती होते ते या शहरातील श्रोत्यांना मी सांगणे नको. सीमाशुल्काचा हात बंदरापर्यंतच पोहोचतो. सुरतेहून येणाऱ्या मालगाडीला सीमा नसते, आणि मंदीत गिऱ्हाईक स्वस्त नकलेकडे वळते तेव्हा हीच गाडी सर्वांत भरून येते.

आता पेटंटधारकांच्या फिर्यादींकडे वळतो. त्यांचे वेळापत्रक निराळे आहे. अमेरिकेत १९३० च्या जकात कायद्याचे ३३७ वे कलम पेटंटभंग करणारा माल सीमेवरच रोखू देते. कायदा महामंदीचा, तरी त्याखालील अर्ज मंदीत उसळतात असे दिसत नाही : २००९ मध्ये नव्या चौकशा सुमारे ३० होत्या, आणि अर्थव्यवस्था सावरू लागल्यावर २०११ मध्ये त्या ७० च्या आसपास गेल्या. डम्पिंगच्या फिर्यादीला तोटा लागतो. पेटंटच्या फिर्यादीला पैसा लागतो, असे मला यावरून वाटते. स्मार्टफोनच्या कंपन्यांचे भांडण हे त्या वाढीचे मोठे कारण होते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

भारतातही २००७ च्या नियमांनी सीमाशुल्क अधिकाऱ्यांना असा अधिकार दिला होता. २००९ मध्ये मदुराईच्या एका पेटंटधारकाच्या अर्जावरून दोन सिमकार्डांचे फोन बंदरात अडकून पडले. पुढे २०१२ मध्ये ते पेटंटच रद्द झाले. पेटंट वैध की अवैध हे गोदीतल्या अधिकाऱ्याने कसे ठरवावे? अखेर जून २०१८ मध्ये त्या नियमांतून पेटंट वगळण्यात आले. व्यापारचिन्हे, स्वामित्वहक्क व भौगोलिक निर्देशन मात्र राहिले.

यांतले शेवटचे नाव आपल्या कामाचे आहे. ‘बनारस ब्रोकेड व साडी’ यांना २००९ मध्ये, म्हणजे मंदीच्याच काळात, भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. वाराणसी, आझमगढ, मिर्झापूर, भदोही, चंदौली व जौनपूर या सहा जिल्ह्यांबाहेर विणलेल्या वस्त्रास ते नाव लावता येत नाही. डम्पिंगच्या अर्जाला जो तक्ता लागतो, तो येथे लागत नाही. हानी सिद्ध करावी लागत नाही. मंदी असो वा बरकत, हक्क सारखाच. आणि तो परदेशी मालाइतकाच सुरतेच्या मालावरही चालतो. मात्र नोंदीचा कागद स्वतः होऊन कोणाला अडवीत नाही. नक्कल कोठे विकली जाते हे पाहावयाचे, नमुना घ्यावयाचा, वकील द्यावयाचा, आणि निकाल लागेपर्यंत तारखांना हजर राहावयाचे, हे काम कोणीतरी करावे लागते. मजुरीवर बसलेला विणकर त्यासाठी एक दिवस गेला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. नोंद मिळविणाऱ्या संस्थांनी या खर्चाची तरतूद कशी केली आहे, हे मला येथील मंडळींकडूनच ऐकावयाचे आहे. तेव्हा उरलेला वेळ त्यांच्यासाठी ठेवतो.