निकालानंतरचा आठवडा

(यवतमाळ येथे पालकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



दहावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि पाठोपाठ पेरणी येते. यवतमाळ जिल्ह्यातील घरांना हा योग चांगलाच परिचयाचा आहे. बियाणे आणि खताच्या पैशांची तजवीज चालू असतानाच मुलाचा प्रवेश, खोलीभाडे, शिकवणी हा खर्च दारात येऊन उभा राहतो. अशा वेळी नव्वदची अपेक्षा असताना एकाहत्तर टक्के पडले, तर घरात जी शांतता पसरते ती केवळ गुणांची नसते. कोरडवाहू कापसावर पुढच्या पिढीचे भागणार नाही, मुलाने शिकून मार्गी लागावे, ही साऱ्या घराची आशा त्या एका कागदाला टांगलेली असते. मुलाला हे कुणी सांगावे लागत नाही. त्याला ते कळते, आणि म्हणूनच तो जेवायला उठत नाही.

या आकड्याचे मोल आधी नीट समजून घेतले पाहिजे. मंडळाच्या नियमानुसार साठ टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते. म्हणजे एकाहत्तर टक्के आजही प्रथम श्रेणीच आहे. बदलली ती मोजपट्टी. २०१० पासून सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरले जाऊ लागले. शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे आणि कला-क्रीडांच्या सवलतीचे गुण त्यात मिळतात. २०२५ साली राज्यातील २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. त्या मुलांच्या कष्टांना त्यामुळे उणेपणा येत नाही. पण वडिलांच्या पिढीत ज्या आकड्यावर पेढे वाटले गेले असते, त्याच आकड्यावर आज मुलगा खोलीचे दार लावून घेतो, हे विसरून चालणार नाही.

अशा प्रसंगी थोरांचे दाखले देण्याची रीत आहे. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले आणि अभ्यासात ते मागे पडले, ही गोष्ट वणीच्या लोकनायक बापूजी अण्यांच्या जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. परंतु टिळकांनी ते वर्ष स्वतः ठरवून खर्ची घातले होते. या मुलाने तसे काही ठरवलेले नसते. निकालाच्या संध्याकाळी हा दाखला त्याला टोमण्यासारखाच लागतो. त्यापेक्षा बाबांनी “जेवून घे बाळा, उद्या सकाळी बसून बघू,” एवढे म्हणणे अधिक मोलाचे. आत्या-मामांना दूरध्वनीवरून टक्के कळवण्याचा कार्यक्रमही दोन दिवस लांबणीवर टाकता येतो.

हे भावुकतेपोटी सांगितले जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. प्रत्येक मृत्यूमागे निकालच होता असे नव्हे. तरीही ज्या जिल्ह्याने शेतकरी कुटुंबांची इतकी दुःखे पाहिली, त्याने या आकड्याकडे पाठ फिरवू नये. मूल बोलेनासे झाले, जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागले, तर त्याला नाटक समजू नये, एकटे सोडू नये. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही जवळ आहे. तापासाठी डॉक्टरकडे जाताना कुणाला संकोच वाटत नाही, येथेही वाटू नये.

आता प्रवेशाकडे वळू. पूर्वी ऑनलाइन प्रवेश काही महानगरांपुरता होता; २०२५ साली अकरावीची ती पद्धत प्रथमच राज्यभर आली. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले, नोंदणी पुढे ढकलावी लागली, फेऱ्या ऑगस्टपर्यंत रेंगाळल्या. झरी जामणी किंवा उमरखेडच्या पालकाला याचा मनस्ताप झाला असेल तर नवल नाही. पण त्याच वर्षी दहावी उत्तीर्ण झालेले नियमित विद्यार्थी साडेचौदा लाखांच्या आसपास आणि जागा वीस लाखांहून अधिक होत्या. तेव्हा प्रवेश मिळेल की नाही, ही भीती बहुतेकांच्या बाबतीत निराधार आहे. खरा प्रश्न आहे कुठे आणि कशासाठी, हा.

त्यासाठी पसंतीक्रम विचारपूर्वक भरावा लागतो. दहापर्यंत महाविद्यालये नोंदवता येत होती. पहिल्या पसंतीचे मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडत असे. शेजाऱ्याच्या मुलाने लिहिले म्हणून पहिल्या क्रमांकावर नागपूरचे नाव लिहिणे त्यामुळे महागात पडते. पुसद, वणी, यवतमाळ येथील जुन्या महाविद्यालयांत विज्ञान शिकून पुढे गेलेली मुले याच जिल्ह्यात आहेत. शिवाय अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटीवर आणि वैद्यकीयची नीटवर ठरते. दहावीची टक्केवारी तेथे आडवी येत नाही. यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थेतून दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेणाऱ्याला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट खुली असते. हा मार्ग दुय्यम मानण्याचे काही कारण नाही. शेतकरी घराला तो पुष्कळदा परवडणाराही ठरतो.

एकदोन विषय राहिले असतील, तर एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत बसता येते. दहावीची पुरवणी परीक्षा २०१५ पासून निकालानंतर लगेच घेतली जाऊ लागली. ऑक्टोबरपर्यंत घरी बसण्याचे दिवस तेव्हाच संपले. एखाद्या विषयातील गुण अनपेक्षित वाटले, तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, शिक्षकांना दाखवावी, आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा. या साऱ्यांच्या मुदती थोड्या दिवसांच्या असतात, आणि रुसव्या-फुगव्यात नेमके तेच दिवस निघून जातात.

म्हणून त्या आठवड्यात एका संध्याकाळी आई, बाबा आणि मूल यांनी एकत्र बसावे. यंदा आणि पुढच्या वर्षी शिक्षणावर किती रक्कम खर्च करता येईल, हे बाबांनी स्पष्ट सांगावे. पेरणीचे किती, उसनवारीचे किती, तेही लपवू नये. मग महाविद्यालयांची यादी मुलाने स्वतःच्या हाताने लिहावी.