आतली थरथर: हाताला लागत नाही, पण असते

सावदा स्टेशनाजवळ केळीची मालगाडी निघाली, की पायाखालची जमीन थरथरते. ती सगळ्यांनाच कळते. पण काहींना गाडी नसतानाही, रात्री आडवं झालं की छातीत, पोटात, पायांत तसंच थरथरतं. घरचे हात लावून बघतात, म्हणतात, काहीच तर नाही! मग कोणी मनाचे खेळ म्हणतं, कोणी बाहेरची बाधा.

पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण ही तक्रार सांगतात. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी लाँग कोविडच्या 423 जणांना विचारलं, त्यांतल्या 158 जणांना ती होती. तेव्हा हा नुसता भास नाही. पण लगेच पार्किन्सन झाला असंही धरू नका. वाढलेला थायरॉईड, उतरलेली साखर, कमी झालेलं बी-12, दम्याची काही औषधं, जास्तीचा चहा, चिंता, यांनीही असं होतं.

डॉक्टरांकडे जाताना लिहून न्या: कधी होतं, किती वेळ, कुठे, कोणती औषधं चालू आहेत. मात्र एका बाजूची ताकद गेली किंवा बोलणं अडखळलं, तर वही शोधू नका, तडक दवाखाना गाठा.

आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर? कारण सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. माणूस खोटं बोलतोय असा नाही. घरच्यांनो, तुमच्या हाताला लागत नसलं, तरी 'आज कसं आहे?' एवढं विचारा. रात्र तेवढी सोपी जाते.