सनदेतील तरुण सल्लागार

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मतदारांनी 1995 साली नगराच्या सनदेतच दुरुस्ती करून, 12 ते 23 वर्षे वयाच्या 17 सभासदांचा एक युवक आयोग निर्माण केला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण जे सनदेत नमूद झाले ते एखाद्या महापौराच्या मर्जीने पुसले जात नाही. मुलांशी प्रामुख्याने निगडित असा ठराव पर्यवेक्षक मंडळापुढे, म्हणजे तेथील नगरसभेपुढे, अंतिम निर्णयासाठी येण्यापूर्वी तो आयोगाकडे धाडावा आणि आयोगाने 12 दिवसांच्या मुदतीत आपला अभिप्राय कळवावा, असा तेथे दंडक आहे. हुकूम करण्याचा अखत्यार आयोगाला नाही, शिफारशीचा मात्र आहे. परंतु बसभाड्याची नाणी तळहातावर मोजून मगच शाळेची वाट धरणे म्हणजे काय, हे दप्तर पाठीवरून उतरवून नगरभवनात बसणाऱ्या मुलाइतके नेमके कोण सांगणार? या आयोगाने इतर युवकांच्या जोडीने मोफत प्रवासाचा पाठपुरावा नेटाने केला, आणि मार्च 2013 पासून बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांतील 5 ते 17 वर्षांची मुले नगराच्या बसमधून विनामूल्य शाळेला जाऊ लागली.