फलाटावर झोपणारी पोरं कोणाची?

(शिंदखेडा येथील मेळाव्यात झालेले भाषण. बोलले तसे उतरवून घेतले आहे.)



शिरपूर-साक्रीच्या डोंगरातले लोक पहाटे निघून इथवर आलेत, परत जायचंय, म्हणून मी लांबण लावत नाही. सकाळपासून दावे, पट्टे, फॉरेस्टच्या केसेस यावर बोलणं झालं. मला आपल्या पोरापोरींवर बोलायचंय, ज्यांना रात्री पाठ टेकायला जागा नाही त्यांच्यावर.

दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून आपली माणसं बारडोलीकडे ऊस तोडायला जातात. उचल आधीच घेतलेली असते, न जाऊन चालत नाही. पोरगं मागे म्हातारीजवळ राहतं. म्हातारी आजारी पडली की शाळा सुटते, चूल थंड होते. मग ते पोरगं एक दिवस नरडाण्याला नाहीतर दोंडाईचाला गाडीत चढतं आणि सुरतेला उतरतं. हॉटेलात कपबशा धुतं, मार्केटात गाठोडी उचलतं, रात्री फलाटावर नाहीतर पुलाखाली झोपतं. शहरातले लोक त्याला भटकं पोर म्हणतात. अरे, त्याचं गाव आहे, आडनाव आहे, बापाची कसलेली जमीन आहे. ती जमीन नावावर असती तर बाप कशाला कोयता घेऊन गेला असता?

आता कायद्याचं ऐका, हे कामाचं आहे. 2015 चा बाल न्याय कायदा आहे. त्यात अठराच्या आतलं, घर नसलेलं पोर म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक. गुन्हेगार नाही. त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं. ही समिती प्रत्येक जिल्ह्याला असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात एक तरी बाई. समितीला मॅजिस्ट्रेटचे अधिकार आहेत. पोर बालगृहात ठेवायचं, खुल्या निवारागृहात ठेवायचं की मायबापाकडे परत द्यायचं, ते समिती ठरवते. आणि पोराला तिथे कोणीही नेऊ शकतं. तुम्ही, मी, रेल्वेचा माणूस, कोणीही. 1098 हा नंबर फुकट लागतो. पोरांना पाढ्यासारखा पाठ करून द्या.

आपले लोक समितीला घाबरतात. म्हणतात, एकदा पोर सरकारच्या ताब्यात गेलं की परत मिळत नाही. भीती उगाच नाही. मायबाप उसाच्या फडात, जवळ कागद नाही, नाव एका ठिकाणी पवार, दुसऱ्या ठिकाणी भील. मग आपलंच पोर आपलं आहे हे सिद्ध करायला हेलपाटे मारावे लागतात. म्हणून हंगामाला निघण्याआधी पोराच्या जन्माची नोंद, शाळेचा दाखला आणि एक फोटो ग्रामसभेच्या फाईलला लावून जा. फॉरेस्टच्या दाव्याचे कागद आपण पत्र्याच्या पेटीत जपतो ना, तसेच हेही जपायचे.

मागे राहणाऱ्या पोरांसाठी गावातच हंगामी वसतिगृह मिळू शकतं. सहा महिने, शाळा व्यवस्थापन समितीने चालवायचं. त्याची मागणी ट्रक यायच्या आधी, भादव्यातच गेली पाहिजे. ट्रक गेल्यावर यादी करायला बसलात तर यादीत कोण उरणार? आणि आई किंवा बाप गेलेला असेल तर सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला 2,250 रुपये. पोर नातेवाइकाच्या घरी राहून वाढतं. माझ्या मते बालगृहापेक्षा हे बरं. आजीच्या हातची भाकर कोणत्याही संस्थेत मिळत नाही.

खरी पंचाईत पुढे आहे. पोरगं अठराचं झालं की बालगृहाचा दरवाजा बंद. काल बालक होता, आज रस्त्यावर. कायद्यात अनुरक्षण म्हणून सोय आहे, 21 वर्षांपर्यंत राहायला, शिकायला, काम शोधायला मदत. पण पोराला कोणी सांगितलंच नाही तर ते मागणार कसं? आपला एखादा पोरगा बालगृहात असेल तर सतरा पूर्ण व्हायच्या आत कार्यकर्त्याने तिथे जाऊन अर्ज करून घ्यावा.

आणि जे कधी बालगृहात गेलेच नाहीत, वीस-बावीसचे, धुळ्याला मजुरीला येऊन दुकानाच्या पायरीवर झोपतात, त्यांचं काय? शहरी बेघरांसाठी निवारे बांधायची योजना आहे. लाख वस्तीमागे 100 माणसांचा एक निवारा, बारमाही, दिवसरात्र उघडा, माणशी 50 चौरस फूट जागा. तिथून रेशनकार्ड, आधार, दवाखाना यांच्याशी जोडून देणं हेही योजनेतच लिहिलंय. 2011 च्या मोजणीत धुळे शहर पावणेचार लाखांचं. तुम्हीच हिशोब करा किती निवारे पाहिजेत. मग एका रात्री जाऊन बघू, कुठे कुलूप आहे, कुठे गोदाम केलंय, बायकांना वेगळी खोली आहे का. पोरी पायरीवर झोपू शकत नाहीत. त्या दिसत नाहीत म्हणून बेघर नाहीत असं समजू नका. ठेकेदाराच्या खोलीत, कोणाच्या घरकामात त्या अडकलेल्या असतात.

कॉलेजला गेलेल्यांचं तरी बरं आहे का? आदिवासी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वयम् योजनेतून खोली-भाड्याला आणि जेवणाला पैसे मिळतात, मुंबई-पुण्याला वर्षाचे 60,000, जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000. पण पैसे उशिरा आले तर घरमालक थांबत नाही. मेसऐवजी खात्यात पैसे नकोत म्हणून 2018 च्या जुलैत आपली पोरं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती ती उगाच नाही. खात्यातल्या पैशाने ताट वेळेवर भरत नाही.

शिंदखेड्याच्या भिल्ल भावांचं तर आणखी वेगळं. साक्री-शिरपूरचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, आपला तालुका नाही. पेसा नाही, त्याचा निधी नाही. भिलाटी गायरानावर, म्हणून शबरी घरकुल अडतं, जागा नावावर नाही म्हणतात. 2022 ला तर गायरानावरच्या घरांना नोटिसाच आल्या. झोपडी पाडली की त्यातली तरुण पोरं आधी बाहेर पडतात. म्हणून भिलाटीची जागा नावावर करणं हेही बेघर पोरांचंच काम आहे. जंगलपट्टीच्या साथींनी याच्या मोर्चाला आलं पाहिजे, जसे आम्ही तुमच्या पट्ट्यांच्या मोर्चाला येतो.

तर पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक कागद आणायचा. गावातून बाहेर गेलेल्या पंचवीसच्या आतल्या पोरापोरींची नावं, कुठे गेली, शेवटचा निरोप कधी आला. ज्याचा निरोप दोन महिन्यांत नाही, त्याच्या नावापुढे खूण करायची. ती यादी घेऊन आधी बाल कल्याण समितीकडे, मग प्रकल्प कार्यालयाकडे, मग धुळे महापालिकेकडे जायचंय. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेतल्या पोरीला बसवून लिहून घ्या.

जिंदाबाद.