कपाटांतला कॅमेरा आणि खिशांतला कॅमेरा

शहरांतील अनेक सुशिक्षित घरांत हल्लीं एक लहानसा वाद उपस्थित होत असतो. मोबाइल फोननें काढलेल्या छायाचित्रांनीं मन पुरतें तृप्त होत नाहीं. खराखुरा कॅमेरा घरांत असावा असें वाटतें. परंतु अगदीं नवा आणि भारी किमतीचा कॅमेरा घेण्याची ऐपत तरी नसते किंवा इच्छा तरी नसते. अशा वेळीं दोन वाटा पुढें दिसतात. पहिली वाट जुन्या मालाच्या बाजाराची. एके काळीं नांवाजलेला, दहा-पंधरा वर्षें वापरलेला डी. एस. एल. आर. कॅमेरा तेथें माफक किमतींत मिळतो. दुसरी वाट खिशांत मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याची. घरांतील तरुण मंडळी बहुधा पहिल्याचा पक्ष घेतात. कारण तो दिसण्यांत भारदस्त असतो. ज्या गृहिणीला प्रवासांत सर्वांचें सामान सांभाळावें लागतें, ती दुसऱ्याचा पक्ष घेते.

वादाचा मुद्दा सामान्यतः असा मांडला जातो कीं, दोहोंपैकीं चित्र अधिक चांगलें कोणाचें येतें? प्रश्न वावगा नाहीं. पण अपुरा आहे. यंत्र काय करूं शकतें हें जसें पाहिलें पाहिजे, तसेंच ऐन प्रसंगीं तें कोठें असतें हेंही पाहिलें पाहिजे. जें चित्र काढलेंच गेलें नाहीं, त्याचा दर्जा कोणत्याही भिंगानें वाढत नाहीं.

प्रथम यंत्राची ओळख करून घेणें इष्ट. डी. एस. एल. आर. कॅमेऱ्यांत भिंगांतून आलेला प्रकाश आंत तिरप्या बसविलेल्या आरशावर पडतो आणि वरच्या लोलकांतून पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोंचतो. कळ दाबतांच आरसा वर उचलला जातो, शटर उघडतें आणि तोच प्रकाश मागील सेन्सरवर पडतो. पूर्वीं जेथें फिल्म असे, तेथें आतां हा सेन्सर असतो. म्हणून ह्यास सोयीसाठीं आरशाचा कॅमेरा म्हणावें. निकॉन कारखान्याचा डी-१ हा कॅमेरा १९९९ सालीं आला, तेव्हां त्याचें चित्र अवघ्या २७ लाख बिंदूंचें होतें. २००३ सालीं कॅननच्या ३००-डी ह्या नमुन्यानें हें यंत्र हौशी माणसाच्या आवाक्यांत आणलें. २००८ सालचा निकॉन डी-९० हा १ कोटी २३ लाख बिंदूंचें चित्र देतो, आणि चलच्चित्र घेणारा पहिला आरशाचा कॅमेरा म्हणून तो प्रसिद्ध आहे. पुढें आरसा काढून टाकलेल्या कॅमेऱ्यांनीं बाजार व्यापला, आणि २०२० नंतर ह्या दोन्ही कारखान्यांनीं आरशाचा नवा नमुना काढलेला नाहीं. जुन्या बाजारांत तो स्वस्त कां मिळतो, ह्याचें हें एक मुख्य कारण होय. यंत्र निकामी झालेलें नसतें. त्याची चलती मात्र संपलेली असते.

छोट्या कॅमेऱ्याची कथा निराळी आहे. मोबाइल फोननें साध्या, स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांचा धंदा जवळजवळ बुडविला. जपानी कारखान्यांच्या संघाच्या आंकड्यांप्रमाणें २०१० सालीं सर्व प्रकारचे मिळून सुमारें १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ सालीं ही संख्या ८० लाखांच्याही आंत आली. परंतु ह्या पडझडींतही छोट्या कॅमेऱ्यांची एक निवडक जात टिकून राहिली. तिचा ठळक नमुना म्हणजे २०१२ सालीं निघालेला सोनी कंपनीचा आर-एक्स-१००. बॅटरीसकट त्याचें वजन २४० ग्रॅम. म्हणजे पाव किलोहूनही कमी. उलट, डी-९० चें बॅटरीसकट वजन सुमारें ७०० ग्रॅम, आणि त्याबरोबर पुष्कळदां विकलें गेलेलें १८ ते १०५ मिलिमीटरचें भिंग ४२० ग्रॅम. दोन्ही मिळून ओझें सव्वा किलोच्या जवळ जातें.

आतां सेन्सर पाहूं जातां डी-९० चा सेन्सर सुमारें ३७० चौरस मिलिमीटरचा आहे, आर-एक्स-१०० चा सुमारें ११६ चौरस मिलिमीटरचा. साध्या छोट्या कॅमेऱ्यांत तो बहुधा २८ चौरस मिलिमीटरचाच असे. पाऊस पडत असतां परात आणि वाटी शेजारीं शेजारीं ठेविली, तर परातींत अधिक पाणी सांचतें. तोच न्याय प्रकाशास लागू आहे. अधिक प्रकाश सांचला म्हणजे मंद उजेडांतही चित्र स्वच्छ येतें, त्यावर रवाळपणा दिसत नाहीं. ह्या हिशेबानें आरशाचा कॅमेरा तिपटीहून थोडा अधिक सरस ठरतो, आणि येथेंच बहुतेक लोक निकाल देऊन मोकळे होतात.

पण पाऊस किती जोराचा पडतो, हेंही पाहावयास नको काय? हा जोर भिंगाच्या छिद्रावर अवलंबून असतो. त्याचा जो आंकडा भिंगावर लिहिलेला असतो, तो जितका लहान तितका उजेड अधिक. आणि हें प्रमाण आंकड्याच्या वर्गाचें असतें. डी-९० बरोबरच्या भिंगाचा आंकडा रुंद दृश्याच्या टोकास ३.५ आहे, आर-एक्स-१०० चा १.८ आहे. हिशेब केला तर छोट्याच्या भिंगांतून दर चौरस मिलिमीटरला जवळजवळ पावणेचार पट उजेड येतो. म्हणजे परात मोठी, पण तीवर रिमझिम. वाटी लहान, पण तीवर मुसळधार. एकंदर पाणी दोहींत सारखेंच सांचतें. किंबहुना वाटींत चमचाभर अधिकच. दूरचें दृश्य जवळ आणण्याच्या टोकास मात्र चित्र पालटतें. तेथें आंकडे ५.६ आणि ४.९ असे जवळजवळ आहेत, आणि मोठा सेन्सर दुपटीहून अधिक प्रकाश मिळवून जातो.

तात्पर्य, जुना आरशाचा कॅमेरा त्याच्याबरोबर आलेल्या साध्या भिंगानेंच वापरावयाचा असेल, तर घरांतील मंद उजेडांत त्याची थोरवी नांवापुरतीच राहते. त्याचें खरें सामर्थ्य भिंग बदलण्यांत आहे. निकॉनचें ३५ मिलिमीटरचें १.८ आंकड्याचें भिंग २००९ सालीं निघालें. त्याचें वजन २०० ग्रॅम. तें बसविलें कीं परातही मोठी आणि पाऊसही मुसळधार. मग तिन्हीसांजेच्या उजेडांतही चेहरा स्वच्छ उमटतो आणि मागील पसारा मऊ होऊन विरून जातो. ज्यास भिंग बदलण्याची हौस नाहीं, त्यानें ह्या कॅमेऱ्याचें ओझें कशाकरितां वाहावें, हा प्रश्नच आहे.

आणखी तीन बाबतींत आरशाच्या कॅमेऱ्याचा हात वर आहे. धांवणाऱ्या मुलावर तो झटकन् फोकस साधतो. भर दुपारच्या उन्हांत डोळा लावून स्पष्ट पाहतां येतें. आर-एक्स-१०० च्या पहिल्या नमुन्यास अशी खिडकीच नाहीं, आणि मागचा पडदा उन्हांत नीट दिसत नाहीं. तिसरी गोष्ट बॅटरीची. ठराविक चांचणीप्रमाणें डी-९० एका भरणींत ८५० चित्रें घेतो, तर आर-एक्स-१०० सुमारें ३३०. शाळेचें क्रीडासंमेलन, पक्षिनिरीक्षण किंवा लग्नसमारंभ हें ज्याचें क्षेत्र आहे, त्यानें मोठ्याचीच वाट धरावी.

जुना माल घेतांना मात्र डोळे उघडे ठेविले पाहिजेत. शटर हा झिजणारा भाग आहे. डी-९० चें शटर १ लाख वेळां उघडण्याच्या कसोटीस उतरलेलें आहे. आजवर तें किती वेळां उघडलें, ही नोंद निकॉनच्या चित्राच्या फाइलींतच सांपडते. ती पाहिल्यावांचून पैसे मोजूं नयेत. निकॉनच्या डी-४०, डी-६० यांसारख्या हलक्या नमुन्यांत फोकसची मोटर कॅमेऱ्यांत नसते. त्यांवर जुनीं भिंगें बसतात, पण फोकस हातानेंच करावा लागतो. भिंग बॅटरीच्या उजेडासमोर धरून आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसतात काय, तें पाहावें. ती बुरशी होय. मुंबईच्या आणि कोंकणच्या दमट हवेंत बंद कपाटांत ठेविलेल्या भिंगांस ती हटकून धरते. छिद्र लहान करून मोकळ्या आकाशाचें एक चित्र घ्यावें. त्यांत काळे ठिपके उठले तर सेन्सरवर धूळ बसली आहे असें समजावें. ती साफ करतां येते. छोट्या कॅमेऱ्याचें दुखणें निराळें. त्याचें भिंग आंत-बाहेर सरकतें, आणि त्या नळींत वाळूचा एक कण शिरला तरी मोटर अडते. आंत धूळ गेली तर सारें यंत्र उकलावें लागतें. म्हणून चौपाटीवर जपणूक मोठ्याइतकीच छोट्यालाही हवी.

येथवर यंत्राचा विचार झाला. आतां माणसाचा.

मोठें आणि लहान हे शब्द कालमानानें कसे पालटतात, हें पाहण्याजोगें आहे. ऑस्कर बार्नाक ह्या जर्मन कारागिरानें रचलेला लायका कॅमेरा १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत लोकांपुढें आला. त्याच्या फिल्मवरील चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचें असे, आणि त्या काळच्या मोठ्या कांचांपुढें तें अगदींच चिमुकलें वाटे. आज त्याच मापाचा सेन्सर 'पूर्ण चौकटीचा' म्हणून मिरवतो, आणि डी-९० चा सेन्सर तर त्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्यानें हाच छोटा लायका हातीं धरून नांव मिळविलें. आपल्याकडे कोणाचें लक्ष जाऊं नये म्हणून त्याच्या चकाकत्या भागांवर तो काळी पट्टी चिकटवीत असे. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींच्या हत्येपूर्वीं थोडाच वेळ तो त्यांना भेटून गेला होता. त्याच दिल्लींत १९४२ पासून होमाई व्यारावाला काम करीत होत्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या ह्या बाई स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा घेऊन, साडी नेसून, सायकलवरून कामाला जात. अवजडपणानें त्यांचें कांहीं अडलें नाहीं. कारण त्या घराबाहेर पडत त्या चित्र काढण्यासाठींच.

गृहस्थाची गोष्ट तशी नसते. तो बाहेर पडतो भाजीसाठीं, देवदर्शनासाठीं, मुलाला दवाखान्यांत नेण्यासाठीं. चित्राचा क्षण वाटेंत अवचित भेटतो. समजा, दादरचें एक कुटुंब गणपतीसाठीं कोंकणांत आपल्या गांवीं गेलें आहे. ब्याऐंशी वर्षांची आजी स्वयंपाकघरांत मोदकांच्या कळ्या पाडीत बसली आहे. खिडकींतून थोडासा उजेड तिच्या बोटांवर पडला आहे. नातू माडीवर जाऊन मोठ्या पेटींतून आरशाचा कॅमेरा काढतो, भिंग लावतो, खालीं येतो. तोंवर आजीनें पदर सांवरलेला असतो, हात पुसलेले असतात, आणि ती ताठ बसून विचारते, "असं बसूं का रे?" चित्र निघतें, स्वच्छही निघतें. पण त्यांत आजी नसते, छायाचित्रासाठीं बसलेली एक वृद्ध बाई असते. त्याच वेळीं सुनेच्या हाताशीं छोटा कॅमेरा असता, तर उकडीवर फिरणारीं तीं बोटें मिळालीं असतीं. पुढल्या गणपतींत आजी असेलच, असा भरंवसा कोणी द्यावा?

छपाईच्या दृष्टीनेंही ह्या चित्रास कमीपणा येत नाहीं. १२ बाय ८ इंचांच्या उत्तम प्रतीस सुमारें ८६ लाख बिंदू पुरतात, आणि तितके दोन्ही कॅमेऱ्यांपाशीं आहेत. भिंतीवर टांगलेली प्रत पाहून कॅमेऱ्याचें वजन कोणी विचारीत नाहीं.

तेव्हां निवड करण्यापूर्वीं प्रत्येकानें एक साधी परीक्षा करून पाहावी. सव्वा किलो तांदुळाची पुडी एका पिशवींत घालून ती आठवडाभर खांद्याला लावावी: लोकलच्या गर्दींत, मंडईंत, संध्याकाळच्या फेरफटक्यांत. सातव्या दिवशींही पिशवी आपण होऊन उचलली जात असेल, तर जुना आरशाचा कॅमेरा खुशाल घ्यावा, आणि त्याबरोबर एक उजळ भिंग अवश्य घ्यावें. तिसऱ्याच दिवशीं पिशवी खुंटीवर राहिली, तर निर्णय झालाच. खिशांतला कॅमेरा घ्यावा. आणि ज्यांच्या घरीं मोठा कॅमेरा आधींच कपाटांत पडून आहे, त्यांनीं नवी खरेदी करण्याआधीं त्यावर लहानसें ३५ मिलिमीटरचें भिंग चढवावें, बॅटरी भरावी, आणि तो कपाटांतून काढून स्वयंपाकघराच्या दाराशीं, सर्वांचा हात पोंचेल अशा फळीवर ठेवावा. पुष्कळदां वाद तेवढ्यानेंच मिटतो. आणि बंद कपाटांतील बुरशीपासून भिंगही वांचतें.