नामवंतांच्या कुचाळक्या आणि समाज

नामवंत माणसांच्या खासगी आयुष्याविषयींची कुजबुज ही कांहीं छापखान्याची निर्मिति नव्हे. अयोध्येंत सीतेविषयीं जो लोकापवाद उठला त्याला वर्तमानपत्राची गरज लागली नव्हती. परंतु हीच कुजबुज छापली जाऊं लागली, तिच्यावर किंमत पडली आणि गिऱ्हाईक पुढच्या अंकाची वाट पाहूं लागलें, म्हणजे ती शेजारपाजारची करमणूक राहत नाहीं. तिचा धंदा होतो. या धंद्यानें समाजाचें काय होतें याविषयीं मोघम नीतिपाठ देण्यापेक्षां एक घडलेली हकीकत तपासून पाहणें मला अधिक उपयोगाचें वाटतें. ही हकीकत मद्रासची आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तामीळ बोलपटांत एम. के. त्यागराज भागवतर या गायक-नटाची लोकप्रियता शिगेस पोंचली होती. त्यांच्या केशरचनेची तरुण मंडळी नक्कल करीत. पडद्यावर ते बहुधा भक्त किंवा कवि म्हणून दिसत. त्यामुळें त्यांच्याविषयींच्या कौतुकांत भाविकपणाचाहि थोडा अंश मिसळला होता. एन. एस. कृष्णन हे त्याच काळांतले आघाडीचे विनोदी नट. अशा लोकांच्या दाराआड काय चालतें हें जाणून घेण्याची उत्सुकता लोकांना असणारच. ती उत्सुकता भागविण्याचें काम सी. एन. लक्ष्मीकांतन या गृहस्थांनीं अंगावर घेतलें. पूर्वीं बनावट कागदपत्रांच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगून आलेल्या या माणसानें 'सिनेमा तूतु' नांवाचें नियतकालिक काढलें आणि नटनटींच्या खासगी भानगडी हा त्याचा मुख्य माल ठरविला.

मालाला उठाव मिळाला. तोंड बंद ठेवण्यासाठीं अनेक नटांनीं लक्ष्मीकांतन यांना पैसे चारले असें सांगतात. (हीहि ऐकीव गोष्टच आहे, हें ध्यानांत असूं द्यावें.) पण ती खरी धरली तर या धंद्याचें मोठें विलक्षण अर्थशास्त्र दिसून येतें. वाचक पैसे मोजतो तो कळावें म्हणून, आणि ज्याच्याविषयीं लिहिलें जातें तो मोजतो तो कळूं नये म्हणून. दोहींकडून नाणें येतें. बातमी खरी कीं खोटी, हा प्रश्न या व्यवहारांत फारसा उद्भवतच नाहीं. कारण खोट्या बातमीलाहि दोन्ही बाजूंचें गिऱ्हाईक तितकेंच मिळतें.

त्या काळीं युद्धामुळें कागदावर नियंत्रण होतें व असें पत्र चालविण्यास परवाना लागे. भागवतर, कृष्णन आणि दिग्दर्शक श्रीरामुलु नायडू यांनीं मद्रासचे गव्हर्नर सर आर्थर होप यांच्याकडे अर्ज केला आणि परवाना रद्द झाला. मारणाऱ्याचा हात धरवतो, बोलणाऱ्याचें तोंड धरवत नाहीं, असें आपल्याकडे म्हणतात. त्याचा प्रत्यय लगेच आला. लक्ष्मीकांतन यांनीं 'हिंदु नेसन' हें दुसरें पत्र हातीं घेतलें आणि तोच उद्योग पुढें चालविला. आतां नटांच्या जोडीला शहरांतील धनिक मंडळीहि त्यांत आली. सरकारी हुकुमानें दुकान बंद झालें, पण गिऱ्हाईक जागच्या जागींच होतें.

८ नोव्हेंबर १९४४ रोजीं वेपेरी भागांतून हातरिक्षांतून जात असतां लक्ष्मीकांतन यांना भोसकण्यांत आलें आणि दुसऱ्या दिवशीं रुग्णालयांत त्यांचा अंत झाला. पुढच्याच महिन्यांत भागवतर आणि कृष्णन यांना अटक झाली. १९४५ सालीं ज्यूरीसमोर खटला चालला. नायडू सुटले, भागवतर व कृष्णन यांना जन्मठेप झाली. मद्रास हायकोर्टांतील अपील फेटाळलें गेलें. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेलें, तेथून फेरविचारासाठीं परत आलें, आणि एप्रिल १९४७ मध्यें दोघेहि निर्दोष म्हणून मुक्त झाले. खून कोणीं केला हें आजतागायत ठरलेलें नाहीं.

श्रोतेहो, या हकीकतींत ज्याच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं असें एक पात्र आहे, आणि तें म्हणजे वाचक. लक्ष्मीकांतन जिवाला मुकले, नट तुरुंगांत गेले. ज्याच्या पैशावर हें सारें उभें राहिलें त्याला मात्र साक्षीलाहि कोणीं बोलाविलें नाहीं. उलट खून झाल्यावर त्याला पूर्वींपेक्षां रुचकर खाद्य मिळालें. नट असें असें वागतात हें दर अंकांत वाचून ज्याचें मन तयार झालें होतें, त्याला नट खूनहि करवितील हें पटण्यास पुरावा कितीसा लागणार? कुचाळकीचा मुख्य परिणाम मला येथें दिसतो. ती एखाद्या माणसाविषयीं खोटें सांगते ही तिची लहान बाजू आहे. पुराव्यावांचून निकाल देण्याची ती समाजाला संवय लावते ही मोठी.

याच दिवसांतील आणखी एक गोष्ट फार बोलकी आहे. भागवतर यांचा 'हरिदास' हा चित्रपट १९४४ च्या दिवाळींत मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरांत लागला आणि त्यानें त्याच थिएटरांत तीन दिवाळ्या पाहिल्या. म्हणजे भागवतर कैदेंत असतांना लोक तिकीट काढून त्यांचें गाणें ऐकत होते. लोकांनीं त्यांच्या प्रतिमेला सोडलें नाहीं. सोडलें तें माणसाला. सुटकेनंतर भागवतर यांनीं पुन्हा उभें राहण्याची धडपड केली. त्यांतला 'राजमुक्ति' हा चित्रपट तर आपल्या पुण्याच्या प्रभात स्टुडिओंत तयार झाला. मद्रास सोडून ते येथवर आले. पण १९४८ मध्यें तो पडद्यावर आल्यावर पूर्वींचें यश कांहीं परतलें नाहीं. पुढचे चित्रपटहि पडले. १ नोव्हेंबर १९५९ रोजीं ते वारले. न्यायालयानें त्यांच्या नांवावरील डाग पुसला होता. लोकांच्या मनांतून पुसण्याचा अधिकार कोणत्याच न्यायालयाला नसतो.

येथें एक आक्षेप रास्त आहे. त्या सुमारास तामीळ प्रेक्षकांची अभिरुचि बदलत होती. गाण्यांच्या जागीं संवाद येत होते, आणि १९५२ च्या 'पराशक्ति' नें तर तें वळण पक्कें केलें. शिवाय त्याच खटल्यांतून सुटलेले कृष्णन पुन्हा लोकप्रिय झालेच कीं! हें खरें आहे. परंतु विदूषकाकडून लोक निष्कलंकपणाची अपेक्षा करीत नाहींत, ती भक्ताच्या भूमिका करणाऱ्याकडून करतात. कुचाळकी ज्या मानानें माणसाला उंच चढवितात त्या मानानें त्याला खोल पाडते, असें या दोघांच्या तुलनेवरून मला वाटतें. हा माझा तर्क आहे, सिद्धांत नव्हे.

मद्रासची गोष्ट जुनी झाली म्हणावें, तर मुंबईची फार जुनी नाहीं. १४ जून २०२० रोजीं वांद्र्यांत सुशांत सिंह राजपूत या तरुण नटाचा मृत्यु झाला. त्यानंतर दूरचित्रवाणीवर रात्रींमागून रात्रीं जें चाललें तें श्रोत्यांच्या स्मरणांत असेल. कोणीं मारलें, कशासाठीं मारलें, कोण कोणाला काय म्हणालें, याचा निवाडा घराघरांतून होत होता आणि त्याच्या मैत्रिणीचें नांव चव्हाट्यावर मांडलें जात होतें. १८ जानेवारी २०२१ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें, अशा प्रसारणानें न्यायदानांत अडथळा येतो, असें स्पष्ट म्हटलें व वाहिन्यांना कांहीं बंधनें सांगितलीं. मार्च २०२५ मध्यें केंद्रीय अन्वेषण विभागानें प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयांत सादर केला. तोंवर जवळजवळ पांच वर्षें लोटलीं होतीं आणि प्रेक्षक केव्हांच दुसऱ्या नांवाकडे वळले होते. त्या रात्रीं ज्यांनीं घरांत बसून आपापले निकाल दिले, त्यांच्यापैकीं कितीजणांनीं या अहवालाची बातमी शेवटपर्यंत वाचली असेल?